उष्णोदकाचा कारभार

मराठी मध्यमवर्गीय गृहस्थाच्या घरात मोजमापावाचून राहिलेली वस्तू सापडणे कठीण. दुधाचा रतीब भिंतीवरच्या कालनिर्णयात टिपलेला असतो, गॅसचा सिलिंडर कोणत्या तारखेला लावला ते त्याच पानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नमूद असते, विजेचे बिल मागल्या बिलाशी ताडून पाहिल्यावाचून भरले जात नाही, आणि तुरीच्या डाळीला कुकरच्या किती शिट्ट्या द्याव्यात याविषयी तर घराण्याघराण्यांत स्वतंत्र परंपरा चालत आलेल्या आहेत. अशा या हिशेबी गृहस्थाला, "आपल्या गिझरमधले पाणी किती अंशांपर्यंत तापते?" असा साधा सवाल घातला, की तो प्रथम पत्नीकडे पाहतो, पत्नी न्हाणीघराकडे पाहते, आणि न्हाणीघरातला गिझर आपला तांबडा दिवा तेवढा दाखवून मौन पाळतो. फारच खोदून विचारले तर उत्तर मिळते, "तापतं की चांगलं कडकडीत!" कडकडीत हे परिमाण कोणत्याही वैज्ञानिक कोष्टकात नसले, तरी त्यावर समाधान मानून पुढचा विषय काढण्याचा आपला शिरस्ता आहे.

या अनभिज्ञतेच्या मुळाशी आळस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्या मुळाशी अभिमान आहे. स्नानाच्या बाबतीत महाराष्ट्रात पूर्वापार दोन पंथ नांदत आलेले आहेत, एक कढत पाण्याचा आणि दुसरा कोमट पाण्याचा. (बारमाही थंड पाण्याने स्नान करणाऱ्यांचा तिसरा पंथही आहे, परंतु ती मंडळी स्नानापेक्षा त्याच्या कथनातच अधिक रमत असल्यामुळे त्यांचा विचार येथे तहकूब ठेवणे बरे.) कढतपंथी मनुष्य न्हाणीघरातून बाहेर पडतो तो वाफेच्या लोटासह, लालबुंद कांतीने आणि एखादा गड सर केल्याच्या मुद्रेने. दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला गेला तर सकाळी पंचाने कान कोरडे करीत तो यजमानांना विचारतो, "पाणी तापत नाही वाटतं तुमच्याकडे? नाही, म्हटलं, अंगावर घेतलं ते कळलंच नाही!" कोमटपंथीयाला असे काही विचारता येत नाही. "तुमच्याकडे पाणी फार तापतं" हे वाक्य आजवर कोणत्याही पाहुण्याने मोठ्या आवाजात उच्चारलेले नाही; तो बिचारा न्हाणीत मुकाट्याने नळाचे गार पाणी मिसळतो, अथवा मुकाट्याने पोळून घेतो. पत्रिका जुळवताना गोत्र पाहतात, नाडी पाहतात, मंगळ पाहतात, परंतु उभय पक्षांच्या पंथाची चौकशी कोणी करीत नाही. परिणामी कित्येक सुशील दांपत्यांचा संसार एकाच मिक्सर नळाच्या दांडीवर, एकाने उजवीकडे आणि दुसऱ्याने डावीकडे ओढीत, रेटला जातो.

कढतपंथीयांपैकी जे थोडे व्युत्पन्न असतात ते आयुर्वेदाचा दाखला काढतात, आणि दाखला खोटा नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, दिनचर्येच्या अध्यायात, उष्ण जल शरीराच्या अधोभागावर घेतल्याने बल वाढते असे स्पष्ट सांगितले आहे. मात्र तेच जल मस्तकावर घेतल्यास केसांचे आणि नेत्रांचे बल हरण होते, अशी ताकीदही तेथेच, त्याच श्लोकाच्या पुढील अर्धात, दिलेली आहे. आणि हा उत्तरार्ध नेमका त्याच सज्जनांच्या स्मरणातून गळालेला असतो, ज्यांच्या मस्तकाकडे पाहता तो त्यांनी तिशीतच वाचायला हवा होता असे वाटते.

बंबाच्या अंमलात हा अभिमान बराचसा निरुपद्रवी होता, कारण निर्णयाचा अधिकार स्नान करणाऱ्याकडे नव्हताच. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीचे ठोके खाऊन तयार झालेला तो तांब्याचा बंब मागल्या दारी अथवा न्हाणीच्या कोपऱ्यात उभा असे. त्याच्या मधल्या नळीत ढलप्या, गोवऱ्या, करवंट्या जळत आणि भोवतालचे पाणी तापे. हे पाणी काढून देणे हे घरातल्या एखाद्या कर्त्या स्त्रीचे वतन असे, आणि हे वतन कोणत्याही सनदेवाचून पिढ्यान्‌पिढ्या अबाधित चाले. कोणाला कचेरी गाठायची आहे, कोणाला रात्री कणकण होती, कोणते पोर आज न्हायचे टाळणार आहे, हा सारा तपशील तिच्या मनात असे. घंगाळात आधी गार पाणी, त्यावर बंबातले ऊन पाणी, मग मनगटापर्यंत हात घालून ते ढवळणे, आणि मग "पाणी काढलंय रे!" अशी हाक. त्या मनगटाने दिलेला फैसला अंतिम असे. त्याच्यावर अपील चालत नसे. कढतपंथी सासऱ्यांनी "आणखी थोडं ऊन घाल" असा अर्ज केला, तर त्याची दखल घेतल्यासारखे दाखवून एखादा तांब्या वरून ओतला जाई, आणि तो बहुधा विसणाचाच असे.

या आठवणीने गहिवरून जाण्याचे मात्र कारण नाही. चुलीवरचा उकळता हंडा फडक्याने धरून उतरवताना भाजलेले हात, घंगाळाशी खेळताना पाठमोरे आत कोसळलेले मूल, या गोष्टीही त्याच काळातल्या आहेत, आणि अशा घरांत त्या पुढे दबल्या आवाजात सांगितल्या जात. बंबाच्या वैभवाचे जे रसभरित वर्णन करतात, ते बहुधा पाणी तापवणारे नसत; तापलेल्या पाण्याने नाहणारे असत. तरी एवढे मान्य केले पाहिजे, की त्या राज्यात पाणी अंगावर पडण्यापूर्वी शुद्धीवर असलेल्या एका माणसाचा हात त्यातून एकदा फिरून जात असे.

मग गिझर आला. धूर गेला, काजळी गेली, पहाटे उठून ढलप्या पेटवण्याचा जाच गेला, आणि हे सारे उत्तमच झाले. परंतु त्याबरोबर मनगटाची वहिवाटही मोडली. आता पाणी डोक्यापेक्षा उंच टांगलेल्या एका बंद पिंपात तापते, तेथून भिंतीच्या पोटातल्या नळीने निघते आणि कोणाच्याही दृष्टीस न पडता थेट शॉवरमधून अंगावर येते. पिंपात एक थर्मोस्टॅट असतो. ठरलेला अंश गाठला की त्याने वीज तोडावी आणि पाणी निवले की पुन्हा जोडावी, अशी त्याची नेमणूक असते. तो चुकला तर वीज कायमची तोडणारा कट-आउट, आणि तोही चुकला तर कोंडलेला दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, अशी तालुका, जिल्हा आणि उच्च न्यायालयाच्या धर्तीची तीन पायऱ्यांची व्यवस्था चांगल्या यंत्रात केलेली असते. (हा व्हॉल्व्ह अधूनमधून ठिबकतो, आणि आपल्याकडे जे जे ठिबकते ते ते खुंटी मारून बंद करण्याचा परिपाठ असल्यामुळे कित्येक ठिकाणी उच्च न्यायालयाच्याच दाराला कुलूप लागलेले आढळते, असे कधीही करू नये.) ही व्यवस्था पिंप फुटू नये म्हणून आहे. अंगावर येणारे पाणी किती तापावे हे मात्र थर्मोस्टॅट ज्या अंशावर लावला असेल त्यावर अवलंबून, आणि तो कोणत्या अंशावर लावला आहे हेच कोणाला ठाऊक नसते. काही गिझरांवर त्याची फिरवायची मूठ बाहेर असते, परंतु तिच्यावर अंश लिहिण्याऐवजी नुसते ठिपके, किंवा एकापासून पाचापर्यंत आकडे, किंवा निळ्यापासून तांबड्यापर्यंत रुंदावत जाणारी एक पट्टी असते. इतर पुष्कळ गिझरांत ती सोयही नसते. थर्मोस्टॅट खालच्या झाकणाआड पडदानशीन असतो, आणि त्याचे दर्शन फक्त मेकॅनिकला घडते.

या मेकॅनिकची विचारसरणी समजून घेण्याजोगी आहे. गिझर बसवून, हात पुसून, निघताना तो सांगतो, "फुल्लवर ठेवलंय काका. कमी ठेवलं की लोकं परत बोलावतात, पाणी तापत नाही म्हणून. जास्त तापतं म्हणून आजवर कुणी बोलावलेलं नाही." यात काडीचेही असत्य नाही. पाणी गार लागले तर फिर्याद त्याच्याकडे येते. पोळले तर ती डॉक्टरांकडे जाते. ज्या कारभारात कमी केल्याची शिक्षा होते आणि अति केल्याची होत नाही, त्या कारभारात कोणता शहाणा कारकून कमी करील?

आता ज्याच्या अंगावर हे फुल्ल पाणी यायचे, त्या मनुष्याच्या योग्यतेचा विचार करू. स्नान करणारा मनुष्य ही समाजातली सर्वांत असहाय व्यक्ती होय. त्याने चष्मा काढून ठेवलेला असतो, त्यामुळे नळावरचा तांबडा ठिपका आणि निळा ठिपका यांतला भेद त्याच्यापुरता लोपलेला असतो. डोळ्यांत साबण गेलेला असतो, त्यामुळे चष्मा असता तरी फारसा उपयोग नव्हता. एक पाय साबणाच्या फेसावर आणि दुसरा हवेत असतो. नेहमी पोक्त आणि विचारी असलेला हा गृहस्थ त्या घटकेला वरच्या पट्टीतली तान घेण्यात गुंतलेला असतो, आणि प्रसंग पडलाच तर विवस्त्र असल्याकारणाने त्याला पळूनही जाता येत नाही. अशा अवस्थेत त्याने एखाद्या दस्तऐवजावर सही केली तर कोणतेही न्यायालय तो दस्तऐवज रद्दबातल ठरवील. आणि नेमक्या याच अवस्थेतल्या मनुष्याकडे आपण अग्नी आणि जल यांचे प्रमाण ठरवण्याची मुखत्यारी देऊन बाहेरून दार लोटून घेतो! वस्त्रधारी मनुष्याने, चष्मा नाकावर असताना आणि दोन्ही पाय जमिनीवर असताना, विवस्त्र मनुष्यासाठी आधीच कायदा करून ठेवला पाहिजे. उष्णोदकाच्या साऱ्या शास्त्राचे सार एवढेच आहे.

कायदा कोणत्या अंशाचा करावा, याचाही निर्णय अंदाजाने करण्याचे कारण उरलेले नाही. १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी, डुकरांच्या आणि स्वखुशीने पुढे आलेल्या काही माणसांच्या त्वचेवर प्रयोग करून, किती उष्णता किती वेळ लागली असता कातडे भाजते याचे निबंध प्रसिद्ध केले. भाजणे हे केवळ तापमानावर अवलंबून नसून तापमान आणि काल या दोहोंवर अवलंबून असते, आणि तापमान थोडेसे चढले की कालाची मुदत झपाट्याने आखूड होते, हा त्यांचा निष्कर्ष. ४४ अंश सेल्सियसला इजा होण्यास काही तासांचा सततचा संपर्क लागतो. घरगुती पाण्यासाठी पुढे जी कोष्टके रूढ झाली त्यांप्रमाणे, ४९ अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाला गंभीर भाजण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. ५५ अंशांच्या आसपास अर्धे मिनिट. ६० अंशांना अवघी पाच सेकंदे. आणि ६५ अंशांना दीड ते दोन सेकंदे.

पाच सेकंदांत आपला तान घेणारा गृहस्थ काय काय करू शकतो, हे जरा सावकाश पाहू. पहिल्या सेकंदात तो "अं?" म्हणतो. दुसऱ्या सेकंदात, संकट कोणतेही असो, ते प्रथम पत्नीच्या कानावर घालण्याच्या सवयीने "अगं ए!" अशी हाक मारतो. तिसऱ्या सेकंदात तो मिटल्या डोळ्यांनी नळ चाचपतो आणि त्याच्या हाती साबणाची वडी लागते. चौथ्या सेकंदात नळ सापडतो, आणि पाचव्या सेकंदात तो उलट्या दिशेने फिरवला जातो. म्हणजे ६० अंशांच्या कायद्याखाली या प्रकरणाचा निकाल गृहस्थाच्या विरुद्ध लागून चुकलेला असतो. उलट ४९ अंशांवर त्याला पाच मिनिटे मिळतात, तेवढ्या अवधीत नळ बंद करून, डोळे धुऊन, पंचा गुंडाळून, बाहेर येऊन, "गिझर इतका वेळ चालू कुणी ठेवला?" याची सविस्तर चौकशीही पुरी होते. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचे काम पाहणारा सरकारी आयोग घरातले गिझर १२० अंश फॅरेनहाइटवर, म्हणजे ४९ अंश सेल्सियसवर, ठेवावेत असे सांगतो, आणि इंग्लंडात २०१० पासून नव्या घरांत स्नानाच्या टबाकडे जाणारे पाणी ४८ अंशांपलीकडे जाऊ न देण्याचा इमारतीच्या नियमांत बंदोबस्त आहे. तेथल्या वस्त्रधारी लोकांनी आपले कर्तव्य बजावले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

शिवाय वरचा हिशेब धडधाकट प्रौढाचा झाला. लहान मुलाचे कातडे पातळ, त्यामुळे त्याची मुदत आणखी आखूड. वृद्धाला चटका कळला तरी दूर सरकायला वेळ लागतो. आणि ज्यांच्या मधुमेहाने पावलांतल्या नसा बोथट केलेल्या असतात, त्यांच्या बाबतीत पायाने पाण्याची वार्ता मेंदूकडे पाठवायची हा विभागच बंद पडलेला असतो. पाय भाजला आहे हे त्यांना संध्याकाळी मोजा काढताना कळते.

नळाचा स्वभावही या कामी विश्वास ठेवण्याजोगा नाही. गरम पाण्याचा नळ सोडला की आधी बाहेर पडते ते भिंतीतल्या नळीत रात्रभर पडून असलेले गार पाणी. भोळा मनुष्य त्यात हात धरतो, "अजून तापलं नाही" असा निष्कर्ष काढतो, नळ पूर्ण सोडतो आणि निःशंकपणे खाली उभा राहतो. आणि मग पिंपाच्या वरच्या भागातले, म्हणजे सर्वांत तापलेले, पाणी आपली हजेरी लावते. शॉवरखाली गार आणि गरम यांचा मोठ्या मिनतवारीने समझोता घडवून आणावा, तो स्वयंपाकघरात कोणी भांडी विसळायला घ्यावीत किंवा शेजारच्या संडासात फ्लश ओढावा. गार पाण्याचा दाब एकाएकी उतरतो आणि समझोत्यातला दुसरा पक्ष एकटाच अंगावर चालून येतो. तीन लिटरचा छोटा इन्स्टंट गिझर असेल तर नळाची धार बारीक करण्याची काटकसर अंगाशी येते, कारण जेवढी धार बारीक तेवढे प्रत्येक थेंबाच्या वाट्याला विजेचे लाड अधिक. गच्चीवरच्या सोलरची तऱ्हा तर सर्वांहून न्यारी. सूर्यनारायणाला थर्मोस्टॅट नाही. ज्या मे महिन्यात कोणालाही गरम पाणी नको असते, त्याच महिन्यात ते साठवणाच्या टाकीत ६० अंशांच्या पुष्कळ पुढे जाऊन बसते, आणि घरची मंडळी आठ दिवस गावाला जाऊन आली की हात धुवायला नळ सोडणाऱ्या पहिल्या माणसाचे स्वागत करते. प्रवासी निवासांतल्या नळांविषयी न बोलणेच बरे. तेथे तांबडा ठिपका डावीकडे, निळा उजवीकडे आणि पाणी प्लंबरच्या मर्जीप्रमाणे, असा त्रिपक्षीय करार असतो.

इतके सांगून झाले, की घरातला अर्थमंत्री आपला आक्षेप मांडतो, आणि तो आक्षेप त्रैराशिकाच्या कसोटीला उतरणारा असल्यामुळे त्याची दखल घेतली पाहिजे. हिवाळ्यात नळाचे पाणी २० अंशांचे आणि स्नानाला हवे ४० अंशांचे, असे धरू. गिझरमधले पाणी ६० अंशांचे असेल तर त्यात बरोबरीने गार पाणी मिसळते, आणि १५ लिटरच्या गिझरमधून ३० लिटर स्नानयोग्य पाणी निघते. तेच ४९ अंशांचे असेल तर १५ लिटरांत पावणेसात लिटरच गार पाणी मावते आणि एकूण पाणी बावीस लिटरांच्या आत भरते. "म्हणजे एका माणसाची एक बादली. आणि बाकीच्या तिघांनी काय करायचं?" बाकीच्यांनी थोडे थांबायचे. दोन हजार वॉटचा गिझर १५ लिटर पाणी २० अंशांपासून ४९ अंशांपर्यंत सुमारे पंधरा मिनिटांत नेतो. ज्या घरात सकाळचे वर्तमानपत्र चौघांत वाटून वाचले जाते, त्या घरात पंधरा मिनिटांची वाट पाहणे अशक्य म्हणता येत नाही. शिवाय कमी तापलेले पिंप उगाच भिंतीला ऊब देण्यात वीजही कमी दवडते, हे अर्थमंत्र्यांच्या कानात हळूच सांगितले, की विरोधाची धार बोथट होते.

दुसरा आक्षेप घरातल्या वैद्यकीय मताचा असतो, आणि तो अधिक गंभीर आहे. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या मेळाव्यात एका अज्ञात न्यूमोनियाने अनेकांचे प्राण घेतले. पुढच्या वर्षी त्याचा जंतू सापडला, आणि त्याला त्या लीजनवरून लीजिओनेला हे नाव मिळाले. हा जंतू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात सुखाने वाढतो आणि ६० अंशांच्या पाण्यात टिकत नाही. म्हणून एक शास्त्र सांगते, पाणी ६० अंशांवर साठवा. दुसरे शास्त्र सांगते, ते ४९ अंशांच्या वर अंगाला लागू देऊ नका. दोन्ही शास्त्रे खरी, आणि दोहोंची तडजोड करणारे साधनही आहे. थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह नावाचा एक जिन्नस गिझरच्या तोंडाशी बसवला, की पिंपातले पाणी ६० अंशांचे राहते आणि नळापर्यंत पोचते ते त्यात गार पाणी मिसळून बेताचे झालेले. रुग्णालये, वसतिगृहे, दिवसेंदिवस पाणी साठून राहणाऱ्या मोठ्या टाक्या यांना ही व्यवस्था आवश्यकच. आणि ज्या घरात शॉवर आहे आणि मुले वा वृद्ध आहेत, त्यांनीही ती करून घेतल्यास पैसे वाया जाणार नाहीत. बादलीने नाहणाऱ्या घराला मात्र हा जिन्नस फार पूर्वीपासून फुकट मिळालेला आहे. बादलीतले विसण आणि त्यात फिरलेले मनगट हे त्या व्हॉल्व्हचेच काम करते. अट एवढीच की मनगट फिरले पाहिजे.

तेव्हा रविवारची सकाळ मुक्रर करावी. कपडे घातलेले असावेत, चष्मा लावलेला असावा. गिझर चालू करून तापल्याची खूण देणारा दिवा पालटेपर्यंत थांबावे, नळीतले गार पाणी वाहून जाऊ द्यावे, मग स्टीलच्या भांड्यात पाणी घेऊन त्यात शंभर अंशांपर्यंतचा, स्वयंपाकाच्या उपयोगाचा तापमापक धरावा. ताप पाहण्याचा तापमापक या कामी वापरण्याचा मोह काहींना होतो. त्या बिचाऱ्याची धाव ४२ अंशांपर्यंतच असते, आणि काचेचा असल्यास त्यापलीकडचे पाणी पाहून तो फुटतो. आलेला आकडा कालनिर्णयावर, सिलिंडरच्या तारखेशेजारी, लिहावा. मूठ बाहेर असेल तर ती थोडी उतरवावी, पाणी वापरून टाकून पुन्हा पुरते तापू द्यावे आणि पुन्हा मोजावे. शॉवरच्या घरात ४९, आणि बादलीने नाहणाऱ्या घरात फार तर ६०, यापलीकडे जाऊ देऊ नये. मूठ झाकणाआड असेल तर मेन स्विच बंद करून जाणकार वायरमनला बोलवावे. पाणी आणि वीज जेथे शेजारी राहतात तेथे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पराक्रम गाजवण्यास हौशी माणसाला वाव नाही. बोअरचे जड पाणी असेल तर कॉइलवर क्षाराचे पुट चढून यंत्राची समजूत बिघडते, म्हणून वर्षाकाठी एकदा त्याची साफसफाई करवून घ्यावी, आणि मेकॅनिक निघताना मूठ पुन्हा फुल्लवर गेली नाही ना, हे पाहून मगच त्याचे पैसे चुकते करावेत.

उरले ते बादलीचे कलम. बादलीत नेहमी आधी गार पाणी आणि मग गरम; उलटा क्रम करून "आलोच गार घालायला" म्हणून माणूस फोन घ्यायला गेला, की तेवढ्यात रांगते मूल त्या बादलीपर्यंत पोचते. मुलाला पाण्यात घेण्यापूर्वी आपले कोपर किंवा मनगट त्यात घालून पाहावे, कारण भांडी, भाकऱ्या आणि चहाचे पेले हाताळून निबर झालेली बोटे खोटी साक्ष देतात. आणि इतके करूनही कोणी पोळलेच, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे गार वाहते पाणी सोडावे, अंगठी किंवा बांगडी असेल तर सूज येण्याआधी काढावी, आणि फोड मोठे असतील, चेहरा भाजला असेल किंवा मूल लहान असेल, तर तडक डॉक्टर गाठावा. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई आणि बर्फ या पदार्थांना आपापल्या जागी मानाचे स्थान आहे. भाजलेल्या कातड्यावर नाही. शेजारच्या काकू जे काही वाटीत घेऊन येतील, ते आदराने स्वीकारून ओट्यावर ठेवावे.

हा कायदा अमलात आला की पहिल्याच आठवड्यात घरात असंतोष माजेल, याची मात्र तयारी ठेवावी. आजोबा म्हणतील, पाण्यात पूर्वीचा दम राहिला नाही. चिरंजीव म्हणतील, शॉवर मधेच संपतो. सूनबाई म्हणतील, तिसऱ्या माणसाला थांबावं लागतं. धाकटी मात्र अजूनही "गरम आहे, गरम आहे" म्हणून नाचेल. मुलूख कोणताही असो, न्याय्य कारभाराची ओळख अशीच पटते, की त्यावर सगळे थोडे थोडे नाराज असतात. सर्वांच्या तक्रारींचे वजन साधारण सारखे भरले म्हणजे मूठ योग्य जागी आहे असे समजावे, आणि तिला पुन्हा हात लावू नये. या तक्रारी चहाच्या टेबलावर, मोठ्या आवाजात आणि रोज होत राहतील. परंतु एकट्याच माणसाने, एकदाच, आणि तीही इस्पितळाच्या खाटेवरून करायच्या तक्रारीपेक्षा त्या ऐकून घ्यायला कितीतरी सोप्या असतात.